हुकूम तपासायचा कोणी?

सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 सालच्या निकालसंग्रहात एका खटल्याचे शीर्षक असे आहे : 'अ‍ॅडिशनल डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल'. आणीबाणीवरच्या बहुतेक लेखनात या खटल्याचा उल्लेख येतो, पण सगळी हकिकत दिल्लीत सुरू होते आणि दिल्लीतच संपते. पंतप्रधान, महान्यायवादी, पाच न्यायमूर्ती एवढीच पात्रे त्यात दिसतात. शीर्षकाच्या पहिल्या जागेवर मात्र जिल्ह्याच्या कचेरीतला एक हुद्दा आहे. त्या हुद्द्यापासून वाचायला लागले, की या खटल्यातला मूळ प्रश्न नेमका कोणता होता हे अधिक स्वच्छ दिसते.

अपर जिल्हा दंडाधिकारी या शीर्षकात आला तो 1971 च्या अंतर्गत सुरक्षा कायद्यामुळे. हाच तो 'मिसा'. त्याच्या तिसऱ्या कलमाने माणसाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा अधिकार केंद्र आणि राज्य सरकारांना दिलाच, शिवाय जिल्हा दंडाधिकारी, राज्य सरकारने खास अधिकार दिलेले अपर जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांनाही दिला. म्हणजे देशाच्या सुरक्षेच्या नावाने माणसाला तुरुंगात ठेवायला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अधिकाऱ्याची सही पुरेशी होती. जबलपूरचे वकील शिवकांत शुक्ल अशाच एका सहीने मिसाबंदी झाले.

मूळ कायदा कठोर होता, तरी त्यात त्या सहीभोवती काही कुंपणे होती. स्थानबद्धाला सामान्यतः पाच दिवसांत, आणि विशेष कारण असेल तर पंधरा दिवसांत, स्थानबद्धतेची कारणे लेखी कळवायची. अधिकाऱ्याच्या हुकमाला राज्य सरकारने बारा दिवसांत मान्यता द्यायची. तीस दिवसांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचे. या तिन्ही गोष्टी कागदावरच्या आहेत आणि त्यांचे महत्त्व कागद असण्यातच आहे. कारण लिहून द्यावे लागले, की ते खोटे आहे असे सांगता येते. मुदत घातलेली असली, की ती चुकली असे दाखवता येते.

25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अनुच्छेद 352 खाली, 'अंतर्गत अशांतता' हे कारण देऊन, आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला हे कळले ते 26 जूनच्या पहाटेच्या बैठकीत. 1971 च्या डिसेंबरात, युद्धाच्या वेळी, जाहीर झालेली बाह्य आणीबाणी तेव्हाही उठलेली नव्हती. तिच्यावर ही दुसरी आली. पुढच्या चार दिवसांत दोन कागद निघाले. एक 27 जूनचा राष्ट्रपतींचा आदेश, दुसरा 29 जूनचा मिसात दुरुस्ती करणारा वटहुकूम. जबलपूरच्या खटल्याचे भवितव्य या दोन कागदांवर ठरले, म्हणून ते सावकाश वाचले पाहिजेत.

वटहुकमाने मिसात '16 अ' हे कलम घातले. आणीबाणीचा परिणामकारक मुकाबला करण्यासाठी या माणसाची स्थानबद्धता आवश्यक आहे, असे अधिकाऱ्याने जाहीर केले की कारणे कळवण्याची सक्ती उरत नाही आणि सल्लागार मंडळही उरत नाही. राज्य सरकारने पंधरा दिवसांत त्या घोषणेचा फेरविचार करावा आणि पुढे दर चार महिन्यांनी करत राहावे, एवढेच उरले. म्हणजे तपासणी होती, पण सरकारचीच सरकारकडून. पुढे शरद ऋतूत आणखी वटहुकूम निघाले आणि 1976 च्या जानेवारीत त्यांचा कायदा झाला. त्यातल्या तरतुदीनुसार स्थानबद्धतेची कारणे आणि त्यामागची माहिती ही राज्याची गोपनीय बाब ठरली. ती न्यायालयालाही सांगायची नाही. कलम 18 आणखी पुढे गेले. ज्याच्याविरुद्ध मिसाखाली हुकूम निघाला आहे, 'किंवा निघाल्याचे भासवले आहे', त्याला नैसर्गिक कायद्याने किंवा परंपरागत कायद्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा कोणताही हक्क असणार नाही. हुकूम काढल्याचा नुसता देखावा केला तरी चालेल, असे कायद्याच्या पुस्तकात छापले गेले. त्याआधी, 1975 च्या ऑगस्टमध्ये, 39 व्या घटनादुरुस्तीने मिसा नवव्या अनुसूचीत गेला आणि मूलभूत हक्कांच्या आधाराने त्याला आव्हान देण्याची वाट बंद झाली.

आता 27 जूनचा आदेश. तो अनुच्छेद 359 खालचा. अनुच्छेद 14, 21 आणि 22 मधल्या हक्कांच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही न्यायालयाकडे जाण्याचा कोणत्याही व्यक्तीचा हक्क दोन्ही आणीबाण्या चालू असेतो निलंबित, असा त्याचा आशय. हा आदेश एकटा वाचला तर त्याचे वेगळेपण लक्षात येत नाही. तो 3 नोव्हेंबर 1962 च्या आदेशाशेजारी ठेवला पाहिजे. चीनच्या आक्रमणाच्या वेळी काढलेल्या त्या आदेशाच्या शेवटी एक अट होती : अशा व्यक्तीचा हक्क भारत संरक्षण वटहुकूम, 1962 खाली किंवा त्याखालच्या नियमांनी वा हुकमांनी हिरावलेला असेल तर. एवढेच ते वाक्य. 1975 च्या आदेशात ते नाही.

1963 साली पंजाबच्या माखनसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे या 1962 च्या आदेशाचा अर्थ लावण्याची वेळ आली. निकालपत्र लिहिले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी. त्यांनी मूलभूत हक्कांचे दार आणीबाणीपुरते बंद असल्याचे मान्य केले, पण बाकीची दारे उघडी ठेवली. स्थानबद्धतेचा हुकूम ज्या कायद्याखाली काढला त्या कायद्याच्या अटीच पाळल्या नसतील, किंवा तो द्वेषबुद्धीने काढला असेल, तर स्थानबद्धाला न्यायालयात जाता येईल. कारण त्या वेळी तो मूलभूत हक्क मागत नसतो. सरकारने स्वतः केलेला कायदा सरकारने पाळावा, एवढेच तो मागत असतो.

त्या उघड्या दाराचा उपयोग मुंबईतल्या एका स्थानबद्धाने केला, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात होते. तिथे बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' नावाचे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवू द्या, अशी त्यांची मागणी. महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. स्थानबद्धतेच्या अटींच्या आदेशात पुस्तक लिहिण्याची मुभा दिलेली नाही, म्हणून ती नाही, असे सरकारचे म्हणणे. 6 सप्टेंबर 1965 रोजी न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी ते अमान्य केले. आदेशातल्या अटी म्हणजे निर्बंध आहेत; ज्यावर निर्बंध घातलेला नाही ते स्वातंत्र्य माणसाकडे राहतेच. ते पाकिस्तानशी युद्धाचे दिवस होते, आणीबाणी चालू होती, तरी तुरुंगातल्या माणसाच्या वहीचा प्रश्न देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकला आणि सरकारला अडवले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. नागरिकाला काय काय दिले आहे याची यादी शोधायची नाही, सरकारला काय करायची परवानगी आहे ती दाखवा, हा सगळा घटनात्मक विचार त्या एका हस्तलिखितावर उभा आहे.

जबलपूरच्या वकीलवर्गाला याहून जुना वारसाही होता. जबलपूर हे पूर्वीच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातले शहर. तिथले दावे 1936 पासून नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने तेच उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय म्हणून जबलपुरात आले. मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला तेच राहिले. तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलेल्या विदर्भासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात बसू लागले. म्हणजे नागपूर आणि जबलपूर या दोन न्यायालयांचे पूर्वसुरी एकच. त्या जुन्या नागपूर न्यायालयासमोर दुसऱ्या महायुद्धात विमलाबाई देशपांडे यांचा अर्ज आला होता. भारत संरक्षण नियमांतल्या नियम 129 ने पोलिसाला संशयावरून विनावॉरंट अटकेचा अधिकार दिला होता, मात्र तो संशय वाजवी असला पाहिजे, अशी अट होती. नागपूर न्यायालयाने सुटकेचा हुकूम दिला. ब्रिटिश सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले आणि 1946 साली तिथेही हरले. संशय वाजवी होता हे न्यायालयाला पटवून देण्याची जबाबदारी अटक करणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. ते पटवता आले नाही तर अटक बेकायदा, असे कौन्सिलने म्हटले.

हा निकाल साम्राज्याच्या उदारपणाचा पुरावा म्हणून मी सांगत नाही. बेचाळीसच्या चळवळीत हजारो माणसे याच नियमांखाली तुरुंगात होती. 1943 च्या एप्रिलात फेडरल कोर्टाने मुंबईच्या केशव तळपदे यांच्या अर्जावर स्थानबद्धतेचा नियम 26 अवैध ठरवला, तर सरकारने लगेच वटहुकूम काढून तो पूर्ववत केला. तरीसुद्धा 'हा अधिकार तुम्ही कायद्याप्रमाणे वापरला का?' हा प्रश्न परक्या सरकारच्या न्यायालयात विचारता येत होता, आणि कधी कधी त्याचे उत्तर अर्जदाराच्या बाजूने मिळत होते.

1975 च्या उत्तरार्धात मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे शुक्लांचा बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा, अर्ज आला तेव्हा सरकारने हाच प्रश्न विचारता येणार नाही असा प्राथमिक आक्षेप घेतला. 27 जूनच्या आदेशानंतर अर्ज ऐकण्याचाच अधिकार न्यायालयाला नाही, असे सरकारचे म्हणणे. जबलपूरने आक्षेप फेटाळला. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, पंजाब-हरियाणा, राजस्थान आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ यांनीही कमीअधिक फरकाने तेच केले. कर्नाटकातले अर्जदार होते अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते. 26 जूनच्या सकाळी हे चौघे संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला असताना पकडले गेले होते. या सगळ्या निकालांवर सरकारने अपिले केली आणि ती एकत्र ऐकली गेली. जबलपूरचे प्रकरण आधी असल्याने सगळ्यांना त्याचे नाव मिळाले.

एक गोष्ट निकालपत्र वाचताना सतत लक्षात ठेवावी लागते. उच्च न्यायालयांनी या माणसांना सोडा असे म्हटलेच नव्हते. अर्ज ऐकता येईल आणि हुकूम कायद्याच्या चौकटीत आहे का ते बघता येईल, इतकेच ठरले होते. शुक्लांना का धरले, ते योग्य होते की अयोग्य, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला नाही. वाद होता तो फक्त कागद बघण्याच्या अधिकाराचा.

या काळात जबलपूर शहराचा लोकसभेतला आवाजही बंद होता. सेठ गोविंददासांच्या निधनाने रिकामी झालेली ही जागा 1975 च्या जानेवारीत पोटनिवडणुकीत तरुण शरद यादवांनी विरोधकांचे जनता उमेदवार म्हणून जिंकली होती. आणीबाणीत तेही मिसाबंदी झाले. 1976 च्या मार्चमध्ये लोकसभेची पाच वर्षे संपली, पण संसदेने स्वतःची मुदत वाढवून घेतली. तेव्हा मूळ मुदत संपल्यावर खासदार राहणे गैर आहे, असे म्हणून तुरुंगातून राजीनामे देणारे दोघे : पुण्याचे मधू लिमये आणि जबलपूरचे शरद यादव.

सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश अजितनाथ राय, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती असे पाच जण बसले. 1975 च्या डिसेंबरात सुरू झालेले युक्तिवाद फेब्रुवारीपर्यंत चालले. सरकारतर्फे महान्यायवादी निरेन डे. स्थानबद्धांकडून शांतिभूषण, सोली सोराबजी, नागपूरचे ना. मा. घटाटे आणि सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे; मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सोडून दिल्लीत वकिली करणारे तारकुंडे या काळात नागरी हक्कांच्या कामात सर्वांच्या पुढे होते.

स्थानबद्धांच्या बाजूने गजेंद्रगडकरांचा माखनसिंग निकाल पुढे केला गेला. सरकारने बोट ठेवले ते 1975 च्या आदेशात नसलेल्या त्या अटीवर. 1962 चा आदेश सशर्त होता, म्हणून कायद्याच्या अटी तपासता येत होत्या. आताचा बिनशर्त आहे, म्हणून काहीच तपासता येत नाही. दुसरा मुद्दा असा की जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे घटनेतले एकमेव घर अनुच्छेद 21 आहे. ते निलंबित झाले की हक्कच उरत नाही. न्यायमूर्ती खन्नांनी या युक्तिवादाचे टोक समोर ठेवले : अनुच्छेद 21 मध्ये जीवितही येते, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तर काही उपाय आहे का? आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचे तर आणीबाणी असेतो नाही, असे उत्तर डे यांनी दिले. हा प्रसंग खन्नांनी आपल्या आत्मचरित्रातही नोंदवला आहे. सरकारच्या सर्वात मोठ्या वकिलाने भर न्यायालयात हे मान्य केल्यावरही निकालाची दिशा बदलली नाही. या खटल्यातली मला सर्वात जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे. परिणाम काय होणार हे कोणापासून लपलेले नव्हते.

28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. त्याचा गाभा असा : 27 जून 1975 च्या आदेशामुळे कोणालाही अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात स्थानबद्धतेच्या हुकमाला आव्हान देता येणार नाही, हुकूम कायद्याला धरून नाही, तो बेकायदा आहे, द्वेषबुद्धीने काढला आहे किंवा गैरलागू कारणांवर आधारलेला आहे, यांपैकी कोणतेही कारण चालणार नाही. कारणे गोपनीय ठेवणारी तरतूदही वैध ठरली. बेग यांनी स्थानबद्धांच्या राहण्या-जेवण्याची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते, असे लिहिले. पुण्यात शिकलेले, मुंबई उच्च न्यायालयातून आलेले चंद्रचूड यांनी अशा अधिकाराचा भयंकर दुरुपयोग होणार नाही ही आपली आशा हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी कठीण आहे, असे म्हटले. ज्याच्यापुढे पुरावा येऊ द्यायचा नाही असे ठरले, त्या न्यायालयाने आशेवर भिस्त ठेवली. चंद्रचूड निर्बुद्ध नव्हते की क्रूरही नव्हते. त्यांचे निकालपत्र कसलेल्या कायदेपंडिताचे आहे, आणि म्हणूनच त्याचे दुःख अधिक होते.

खन्नांनी वेगळे निकालपत्र लिहिले. व्यक्तिस्वातंत्र्य हे काही घटनेने 1950 साली दिलेले दान नव्हे. अनुच्छेद 21 नसता तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नसता. अनुच्छेद 359 ने मूलभूत हक्कांची अंमलबजावणी थांबते, पण कायद्याने वागण्याचे सरकारचे बंधन थांबत नाही, आणि उच्च न्यायालयांचे अनुच्छेद 226 चे अधिकार निलंबित करणारा एकही शब्द त्या आदेशात नाही. या निकालाने आपले सरन्यायाधीशपद जाईल, हे निकालपत्र लिहिताना त्यांनी बहिणीला बोलून दाखवले होते. तसेच झाले. 1977 च्या जानेवारीत सेवाज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्याआधी उच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांनीही किंमत मोजली होती. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेचे प्रकरण ऐकणाऱ्या दिल्लीच्या खंडपीठातले रंगराजन गुवाहाटीला बदलले गेले आणि अगरवाल पुन्हा सत्र न्यायाधीश झाले.

हुकूम तपासायला कोणी नसले की हुकूम कसे निघतात, याचा दाखला 1977 साली नेमलेल्या न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाच्या अहवालांत आहे. आयोगाच्या आकड्यांप्रमाणे आणीबाणीत देशभर 34,988 माणसे मिसाखाली स्थानबद्ध झाली आणि 75,818 जणांना भारत संरक्षण नियमांखाली अटक झाली. मध्य प्रदेशात मिसाबंदी 5,620, महाराष्ट्रात 5,473. आयोगाने दिल्लीतल्या ज्या प्रकरणांची तपशिलात चौकशी केली, त्यांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले विद्यार्थी प्रबीर पुरकायस्थ यांचे होते. 25 सप्टेंबर 1975 रोजी पोलिसांनी त्यांना विद्यापीठातून दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या ऐवजी उचलले. मिसाचा हुकूम त्यानंतर निघाला. सही कोणाची, तर दिल्लीतल्या एका अपर जिल्हा दंडाधिकाऱ्याची. जबलपूरच्या शीर्षकातला तोच हुद्दा. त्या अधिकाऱ्यावर वरून दडपण होते हे साक्षींतून पुढे आले. सही करणाऱ्याला आपला कागद उद्या उच्च न्यायालयात वाचला जाणार आहे, असे म्हणून वरिष्ठांना नकार देता आला असता. तो आधार त्याच्यापाशी राहिलेला नव्हता. न्यायालयाची तपासणी जशी स्थानबद्धाला हवी असते तशी प्रामाणिक अधिकाऱ्यालाही हवी असते, हे या अहवालात जागोजागी दिसते.

घटना समितीत या धोक्याची चर्चा झालीच नव्हती असे नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 9 डिसेंबर 1948 रोजी ज्या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा म्हटले, त्या अनुच्छेद 32 मध्येच घटनेत अन्यत्र सांगितल्याखेरीज सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क निलंबित होणार नाही, असा अपवाद आहे. ते 'अन्यत्र' म्हणजे अनुच्छेद 359. त्याच्या मसुद्यावर 20 ऑगस्ट 1949 रोजी चर्चा झाली तेव्हा सर्वात कडवा विरोध केला तो मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेल्या हरि विष्णू कामथ यांनी. जर्मनीच्या वायमार घटनेतल्या अशाच आणीबाणीच्या तरतुदीची वाट हिटलरपर्यंत कशी गेली, याची आठवण त्यांनी समितीला पुन्हा पुन्हा करून दिली. कलम मंजूर झाले. सव्वीस वर्षांनी त्याचा पुरता अर्थ कळला, आणि तोही त्यांच्याच प्रांतातल्या एका शहराच्या नावाने.

दुरुस्ती झाली ती 44 व्या घटनादुरुस्तीने. ती मांडणारे कायदामंत्री शांतिभूषण होते, जबलपूर खटल्यातले स्थानबद्धांचे वकील. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती उद्घोषणा करू शकत नाहीत. आणि अनुच्छेद 359 मध्ये 20 आणि 21 हे अनुच्छेद वगळले गेले. कोणत्याही आणीबाणीत ते आता निलंबित करता येत नाहीत. मिसा 1978 साली रद्द झाला होताच. 20 जून 1979 पासून हे बदल अमलात आले. जबलपूरचा निकाल मात्र पुस्तकात राहिला. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवताना तो रद्द केला. मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. बहुमताची चारही निकालपत्रे गंभीर दोषांनी भरलेली होती, असे त्यांनी लिहिले. या योगायोगावर पुष्कळ लिहून झाले आहे. पण तोवर 359 चा मजकूर बदलून अडतीस वर्षे झाली होती, आणि याच घराण्याचे नाव ज्याच्याशी जोडलेले आहे असा दुसरा कागद त्या कौतुकात मागे पडला.

तो कागद 28 डिसेंबर 1981 चा. 1980 साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, प्रतिबंधक स्थानबद्धता परतली आणि खासदार ए. के. रॉय यांनी तिला आव्हान दिले. तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. 44 व्या दुरुस्तीच्या कलम 3 ने अनुच्छेद 22 बदलला होता. आजच्या मजकुराप्रमाणे सल्लागार मंडळाकडे न जाता तीन महिने स्थानबद्ध ठेवता येते. दुरुस्तीने ती मुदत दोन महिन्यांवर आणली. आजच्या मंडळात उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची नुसती पात्रता असलेला माणूसही बसू शकतो. दुरुस्तीप्रमाणे मंडळ संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने बनावे, अध्यक्ष पदावरचा न्यायाधीश असावा आणि इतर सदस्य आजी वा माजी न्यायाधीश असावेत. संसदेने हे मंजूर केले होते. फक्त दुरुस्ती कधी लागू करायची ती तारीख ठरवण्याचे काम कार्यपालिकेकडे सोपवले होते, आणि कलम 3 ची तारीख तिने ठरवली नव्हती. न्यायालयाने ती ठरवायला सरकारला सांगावे, ही रॉय यांची एक मागणी. बहुमताने ती नाकारली गेली. न्यायमूर्ती गुप्तांनी यावर वेगळे मत नोंदवले : संसदेने केलेली दुरुस्ती अमलात आणायची की नाही, हे ठरवण्याची मुभा सरकारला नाही.

महाराष्ट्रात 1981 पासून एमपीडीए हा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्याने किंवा पोलीस आयुक्ताने अमक्याला एमपीडीएखाली स्थानबद्ध केल्याची बातमी जिल्हा आवृत्तीत नेहमी वाचायला मिळते आणि मुंबई उच्च न्यायालय, नागपूर व औरंगाबाद खंडपीठांसह, असे हुकूम वाचून त्यांतले काही रद्दही करते. कारणे उशिरा दिली, कळेल अशा भाषेत दिली नाहीत, शिळ्या गुन्ह्यांवर हुकूम काढला. 1976 च्या निकालाने जे काम न्यायालयांकडून काढून घेतले होते, ते हेच. ज्या पुरकायस्थांचे प्रकरण शहा आयोगाने तपासले, त्यांनाच 2023 साली दुसऱ्या एका कायद्याखाली पुन्हा अटक झाली. 15 मे 2024 रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि संदीप मेहता यांनी ती अटक अवैध ठरवली. कारण साधे होते : अटकेची कारणे त्यांना लेखी दिलेली नव्हती.

44 व्या दुरुस्तीचे कलम 3 लागू करणारी अधिसूचना केंद्र सरकारने आजवर काढलेली नाही. 1979 नंतर सर्व पक्षांची सरकारे येऊन गेली, आणीबाणीत मिसाबंदी असलेली माणसे पंतप्रधान आणि उपपंतप्रधान झाली. त्या अधिसूचनेसाठी संसदेत मतदान लागत नाही, नवा कायदा लागत नाही. राजपत्रात एक तारीख छापावी लागते.